इअरबड्स आणि लॅपटॉप यांची ब्लूटूथ जोडणी

कानात बसवायचे बिनतारी इअरबड्स ब्लूटूथ या लघुपल्ल्याच्या रेडिओ तंत्रज्ञानाने लॅपटॉपशी जोडण्याच्या क्रियेस ब्लूटूथ जोडणी किंवा पेअरिंग असे म्हणतात. जोडणीच्या वेळी दोन्ही उपकरणे परस्परांची ओळख करून घेतात, एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती आपापल्या स्मृतीत साठवतात. पुढे प्रत्येक वेळी याच किल्लीच्या आधारे संपर्क प्रस्थापित होतो. संपर्क न जुळणे, आवाज तुटणे, बोलण्यास सुरुवात करताच आवाज दबका होणे, एकाच कानात ऐकू येणे या नेहमीच्या तक्रारी होत. अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा इअरबड्सच्या बिघाडात नसते. ते साठवलेल्या किल्ल्यांतील विसंगतीत, ध्वनिप्रकाराच्या निवडीत किंवा परिसरातील रेडिओ लहरींच्या गर्दीत असते. चांगले चालणारे इअरबड्स ‘खराब झाले’ म्हणून बाजूला पडतात ते हा भेद न कळल्यामुळे.

पार्श्वभूमी

ब्लूटूथ तंत्रज्ञानाचा आरंभ १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत झाला. तारेला पर्याय शोधणे हा त्यामागील मूळ हेतू होता. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याच्या मानकीकरणासाठी गट स्थापन केला. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्या नावावरून हे नाव आले असून, बोधचिन्हात त्याच्या आद्याक्षरांची दोन प्राचीन रुनिक अक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये ॲपलचे एअरपॉड्स विक्रीस आल्यानंतर दोन कानांसाठी दोन पूर्णपणे सुट्या कळ्या असलेला प्रकार जगभर रुळला.

ब्लूटूथ २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या वारंवारिता-पट्ट्यात चालते. भारतात जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. वाय-फाय राउटर, बिनतारी माउस आणि इअरबड्स सामान्य नागरिकाला परवान्याविना वापरता येतात ते या तरतुदीमुळे. मात्र पट्टा सर्वांना खुला असल्याने त्यात कोणालाही राखीव जागा नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. शेगाव येथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये स्थापन झाले. चिखली, मलकापूर आणि बुलढाणा येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. नोकरभरती करणाऱ्या मोठ्या कंपन्यांची कार्यालये मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद अशा शहरांत असल्यामुळे येथील विद्यार्थ्याची कंपनीशी पहिली भेट पुष्कळदा लॅपटॉपच्या पडद्यावरच होते. अशा मुलाखतीत उमेदवाराचा आवाज दूरध्वनीसारखा दबका किंवा तुटक पोहोचला, तर त्याचे उत्तर बरोबर असूनही समोरच्याला ते पुन्हा विचारावे लागते. ज्यांच्याकडे घरातील एकच किंवा दुसऱ्याने वापरलेला जुना लॅपटॉप आहे, त्यांना ही अडचण अधिक जाणवते, कारण जुन्या यंत्रातील ब्लूटूथ संच नव्या इअरबड्सच्या सर्व सुविधा वापरू शकत नाही.

जोडणी आणि संपर्क

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि निम्मा गोंधळ त्या एक समजल्याने होतो. जोडणी एकदाच करावयाची असते. संपर्क रोज होतो व तुटतो. लॅपटॉपच्या यादीत इअरबड्सचे नाव ‘पेअर्ड’ असे दिसणे याचा अर्थ केवळ किल्ली साठवलेली आहे एवढाच होतो. आवाज येण्यासाठी तेथे ‘कनेक्टेड’ अशी नोंद दिसावी लागते.

२००७ मध्ये आलेल्या ब्लूटूथ २.१ आवृत्तीपासून जोडणीची सुलभ व सुरक्षित पद्धत रूढ झाली. इअरबड्सना पडदा किंवा कळफलक नसल्याने त्यांच्यात आकडे पडताळून पाहण्याची सोय नसते. म्हणून जोडणी कोणताही संकेतांक न विचारता पूर्ण होते. याच कारणाने इअरबड्स आपणहून अनोळखी लॅपटॉपला दिसत नाहीत. त्यांना आधी जोडणीच्या स्थितीत आणावे लागते. बहुतेक संचांत डबीचे झाकण उघडून तिच्यावरील किंवा कळ्यांवरील बटण काही सेकंद दाबून धरल्यास दिवा लुकलुकू लागतो. नेमकी कृती माहितीपत्रकात दिलेली असते.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ या विभागात ‘ॲड डिव्हाइस’ निवडून ‘ब्लूटूथ’ या पर्यायावर गेल्यावर नाव दिसते. विंडोज १० मध्ये हाच भाग ‘डिव्हायसेस’ या विभागात आहे. मॅकमध्ये ‘सिस्टिम सेटिंग्ज’ मधील ब्लूटूथ विभागातून, तर उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत सेटिंग्जमधूनच जोडणी होते. लिनक्सवर जोडलेले उपकरण ‘ट्रस्टेड’ म्हणून नोंदवले नाही, तर पुढच्या वेळी ते आपोआप जुळत नाही.

संपर्क न जुळण्याची कारणे

सर्वांत साधे कारण म्हणजे इअरबड्स आधीच दुसरीकडे जुळलेले असणे. डबीतून बाहेर काढताच ते सहसा शेवटच्या उपकरणाकडे, म्हणजे बहुधा खिशातील मोबाइलकडे, धाव घेतात. एका वेळी एकाच उपकरणाशी जुळणारा संच असल्यास लॅपटॉप कितीही वेळा ‘कनेक्ट’ म्हणाला तरी उपयोग होत नाही. अशा वेळी मोबाइलचे ब्लूटूथ तात्पुरते बंद करून पाहावे. तेवढ्याने संपर्क जुळला तर पुढील कोणत्याही दुरुस्तीची गरज नाही. दोन उपकरणांशी एकाच वेळी जुळणाऱ्या संचांत मोबाइलवर येणारी एखादी सूचनाही लॅपटॉपचा आवाज क्षणभर हिरावून घेऊ शकते.

दुसरे कारण किल्ल्यांच्या विसंगतीचे. इअरबड्स मूळ स्थितीत आणले गेले किंवा त्यांच्या मर्यादित स्मृतीतील जुनी नोंद नव्या उपकरणाने पुसली, तर लॅपटॉपकडे किल्ली राहते पण इअरबड्सकडे राहत नाही. मग यादीत नाव दिसते आणि संपर्क मात्र जुळत नाही. यावर उपाय म्हणजे लॅपटॉपवरील नोंद ‘रिमूव्ह डिव्हाइस’ने काढणे, माहितीपत्रकाप्रमाणे इअरबड्स मूळ स्थितीत आणणे आणि नव्याने जोडणी करणे. नोंद केवळ एका बाजूने पुसून पुन:पुन्हा प्रयत्न करण्यात वेळ जातो.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली ठेवणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या विसंगतीचा एक खास नमुना पाहावयास मिळतो. दोन्ही प्रणाली एकच ब्लूटूथ संच वापरतात, म्हणून इअरबड्सच्या दृष्टीने तो एकच लॅपटॉप असतो. लिनक्समध्ये जोडणी केली की इअरबड्स नवी किल्ली लक्षात ठेवतात आणि विंडोजजवळची किल्ली निरुपयोगी होते. विंडोजमध्ये पुन्हा जोडले की उलट घडते. यात बिघाड कशातच नसतो. एका प्रणालीची किल्ली दुसरीत नोंदवून हा प्रश्न कायमचा सोडवता येतो, परंतु ते काम जाणकारानेच करावे.

लॅपटॉपच्या बाजूने विमान-स्थिती चालू असणे, ब्लूटूथ सेवा थांबलेली असणे किंवा ड्रायव्हर जुना असणे ही कारणे संभवतात. ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणारी अनोळखी सॉफ्टवेअर टाळणे इष्ट. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत महत्त्वाचा फरक आहे. जलद सुरू होण्याची सुविधा चालू असल्यास ‘शट डाउन’ करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती जतन करून ठेवली जाते व अडकलेला ड्रायव्हर पुढच्या वेळी तसाच अडकलेला उठतो. ‘रीस्टार्ट’मध्ये तसे होत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी तोच वापरावा. संपूर्ण विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला अशा तक्रारींवर सर्रास दिला जातो. त्याची वेळ क्वचितच येते.

बोलू लागताच आवाज दबका होणे

ही सर्वाधिक गैरसमज झालेली तक्रार आहे. गाणे किंवा व्याख्यान ऐकताना उत्तम वाटणारा आवाज ऑनलाइन बैठकीत शिरताच जुन्या दूरध्वनीसारखा होतो. वापरकर्ता इअरबड्सना दोष देतो. वस्तुतः संच मानकाप्रमाणेच वागत असतो.

ब्लूटूथमध्ये ध्वनीसाठी दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांना प्रोफाइल म्हणतात. पहिला ‘ए-टू-डीपी’ हा लॅपटॉपकडून कानाकडे एकाच दिशेने उच्च दर्जाचा, दोन्ही कानांसाठी स्वतंत्र आवाज पाठवतो. दुसरा ‘हँड्सफ्री’ हा दोन्ही दिशांनी आवाज नेतो, पण त्यासाठी दर्जा कमी करतो. पारंपरिक ब्लूटूथमध्ये हे दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. एखाद्या ॲपने इअरबड्सचा मायक्रोफोन उघडला की लॅपटॉप आपोआप दुसऱ्या प्रकाराकडे वळतो आणि ऐकू येणारा आवाजही खालावतो.

किती खालावतो हे आकड्यांवरून कळते. हँड्सफ्री प्रकारच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे काही पोहोचतच नाही. नंतरच्या सुधारित पद्धतीत १६,००० नमुने घेतले जातात. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ मानली जाते. ‘स’ या व्यंजनाची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या पद्धतीत ती छाटली गेल्याने ‘साल’ आणि ‘शाल’, ‘सेर’ आणि ‘शेर’ यांतील भेद केवळ संदर्भाने ओळखावा लागतो. नावे, आडनावे, इंग्रजी संज्ञा यांना असा संदर्भ नसतो, आणि मुलाखतीत नेमके तेच शब्द पुन:पुन्हा येतात.

यावरील परिणामकारक उपाय विनामूल्य आहे. ऐकण्यासाठी इअरबड्स आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडावा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील ‘साउंड’ विभागात ‘इनपुट’ म्हणून लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडता येतो. झूम, गूगल मीट, टीम्स यांची स्वतःची ध्वनिनिवड स्वतंत्र असते. तेथेही तीच निवड करावी लागते, अन्यथा ॲप पुन्हा इअरबड्सचा मायक्रोफोन उघडते. असे केल्यावर पहिला प्रकार अबाधित राहतो. खोलीत गोंगाट असल्यास मात्र लॅपटॉपचा मायक्रोफोन तोही टिपतो. तेव्हा साधा तारेचा इअरफोन हा अजूनही अधिक भरवशाचा पर्याय आहे. त्याला ना जोडणी लागते ना चार्जिंग.

विंडोज १० मध्ये एकाच संचाची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्सफ्री’ अशी दोन नावे दिसतात. बैठकीबाहेर आवाज दबका येत असेल तर चुकून दुसरे नाव निवडलेले असण्याची शक्यता असते. विंडोज ११ मध्ये दोन्ही मिळून एकच नाव दिसते.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या मानकात आणि त्याच्या ‘एलसी-३’ कोडेकमध्ये ही मर्यादा दूर करण्याची तरतूद आहे. त्यासाठी इअरबड्स, लॅपटॉपचा ब्लूटूथ संच, ड्रायव्हर आणि कार्यप्रणाली या चारही गोष्टी त्या मानकाच्या असाव्या लागतात. खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.३’ छापलेले असणे पुरेसे नाही.

आवाज तुटणे

ब्लूटूथची पारंपरिक पद्धत आपला पट्टा प्रत्येकी १ मेगाहर्ट्झच्या ७९ मार्गिकांत विभागते आणि सेकंदाला १,६०० पर्यंत वेळा मार्गिका बदलते. ज्या मार्गिका व्यग्र आढळतात त्या टाळण्याची क्षमताही तिच्यात आहे. वसतिगृहाच्या एका मजल्यावर अनेक मोबाइल, हॉटस्पॉट आणि इअरबड्स एकाच वेळी चालू असतील तर टाळून टाळून उरणार किती, हा प्रश्न उरतोच. लॅपटॉपचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर नेणे हा येथे पहिला उपाय. अनेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असल्याने त्याचा परिणाम लगेच जाणवतो.

यूएसबी ३.० बंदराला जोडलेली हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण करते, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. ब्लूटूथसाठी बाहेरून छोटा यूएसबी संच लावला असल्यास तो हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नये. छोट्या विस्तार-तारेने दूर नेल्यास फरक पडतो. मानवी शरीरातील पाणीही या लहरी शोषते, म्हणून लॅपटॉप आणि कान यांच्यामध्ये शरीर आल्यास थोड्या अंतरावरही आवाज तुटू शकतो.

चित्र आणि आवाज यांत किंचित अंतर पडणे हा दोष नव्हे. आवाज संकुचित करून, पाठवून पुन्हा उलगडण्यास लागणारा तो वेळ असतो.

एका कानात आवाज न येणे

बहुतेक वेळा एक कळी चार्जच झालेली नसते. डबीतील धातूचे संपर्कबिंदू घाम किंवा धुळीने मळतात. ते कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. जाळीवर कानातील मळ साचल्यास आवाज क्षीण होतो. विंडोजमधील डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल सरकलेला नाही ना, हेही पाहावे.

उष्णता, सुरक्षा आणि विल्हेवाट

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्याने तुलनेने थंड असले, तरी खालच्या पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या भागात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इअरबड्समधील लिथियम-आयन घट अतिशय लहान असतात आणि उष्णतेने त्यांची क्षमता कायमची घटते. डबी उन्हात उभ्या वाहनात किंवा पत्र्याच्या छताखालील खिडकीत ठेवू नये. पुरेशा चार्जअभावी कळी अचानक बंद पडली, तर लॅपटॉपवर ती संपर्क तुटल्यासारखीच दिसते.

भारतात बिनतारी इअरफोन भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. खोक्यावर मानकचिन्हासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. अनोळखी व्यक्तीच्या लॅपटॉपशी जोडलेला संच परत घेताना तेथील नोंद पुसून घ्यावी, अन्यथा तो लॅपटॉप जवळ असताना पुन्हा जुळू शकतो.

खरोखर निकामी झालेला संच घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण चिरडलेला लिथियम घट पेट घेऊ शकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.