दिल्लीबाहेरचा मुक्काम : आधी शेत, मग खोली

नवी दिल्ली : बदलीवर इथे आलेली किंवा हिवाळ्यात उत्तरेत फिरायला निघालेली मराठी कुटुंबे दिल्ली, आग्रा, जयपूर आटोपले की एक प्रश्न हमखास विचारतात. गाडी काढून शहराबाहेर पडायचे आणि दोन रात्री शेतावर राहायचे, तर कुठे? उत्तर देण्याआधी इथला मुलूख समजून घ्यावा लागतो. 1985 च्या कायद्याने आखलेले राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणजे नुसती दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा नव्हे. हरियाणाचे 14 जिल्हे, पश्चिम उत्तर प्रदेशाचे मुझफ्फरनगर-शामलीपर्यंतचे 8 जिल्हे आणि राजस्थानातले जुने अलवर व भरतपूर असा सुमारे 55 हजार चौरस किलोमीटरचा हा पट्टा आपल्या कोकण विभागाच्या पावणेदोन पट भरतो, आणि त्यातली बहुतांश जमीन आजही नांगराखाली आहे. गहू, मोहरी, बाजरी, ऊस, भात, सगळे याच क्षेत्रात पिकते. तरीही फोनवर शोध घेतला की पुढे येतात ती हिरवळ, निळा तलाव आणि दिव्यांच्या माळा लावलेली फार्महाउसे. त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी शेती होते. माझे म्हणणे असे की इथे मुक्काम निवडताना खोलीचे फोटो आणि शहरापासूनचे अंतर मागे ठेवावे आणि आधी शेत पाहावे. त्या जमिनीवर आज काय उभे आहे, ते कोण पिकवतो आणि पाहुणा नसता तरी ते पिकले असते का, हे आधी विचारावे.

ही कसोटी इटलीकडून घेतलेली आहे. टस्कनीत शतकानुशतके बटईची पद्धत होती. जमीन मालकाची, राबणारे कुळाचे कुटुंब, आणि पिकाची वाटणी निम्मी-निम्मी. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी फ्लोरेन्स आणि प्रातोच्या कारखान्यांकडे गेली, 1964 मध्ये बटईच्या नव्या करारांवर बंदी आली आणि उतारांवरची दगडी घरे ओस पडू लागली. 1965 साली तिथल्या शेतमालकांच्या संघटनेने त्या घरांत शहरी पाहुणे आणण्यासाठी ‘अग्रितुरिस्त’ ही संस्था काढली. पुढे डिसेंबर 1985 मध्ये, म्हणजे आपला राजधानी क्षेत्राचा कायदा झाला त्याच वर्षी, इटलीने शेतीपर्यटनाचा पहिला राष्ट्रीय कायदा केला आणि 2006 मध्ये तो नव्याने लिहिला. त्यानुसार पाहुणे ठेवणारा माणूस आधी शेतकरी असला पाहिजे. पाहुणचाराच्या कामापेक्षा शेतीचे काम जास्त असले पाहिजे. पाहुण्यांची सोय शेतावर आधीपासून असलेल्या इमारतींत करायची, आणि ताटात घरचे व परिसरातले पीक प्रामुख्याने असायचे. अट पाळणाऱ्या शेतालाच ‘अग्रितुरिज्मो’ अशी पाटी लावता येते. एक तरतूद तर फारच शहाणपणाची आहे. एका वेळी दहापर्यंतच पाहुणे असतील, तर तिथे शेतीच मुख्य आहे असे कायदा गृहीत धरतो. त्यामुळे लहान शेतकऱ्याला कागदपत्रांच्या ढिगाऱ्याखाली न जाता दोन खोल्या देता येतात. आज तिथे अशी पंचवीस हजारांहून अधिक शेते आहेत आणि मोटारीने इटली फिरणारा माणूस शहरातले हॉटेल टाळून त्यांच्याकडे वळतो.

दिल्लीचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. छत्तरपूर, सतबरी, घिटोरनी, जौनापूर या दक्षिणेच्या गावांत शेतजमिनीच्या मोठ्या तुकड्यांवर एक छोटे घर बांधायची मुभा होती. घर वाढत गेले, शेती आक्रसत गेली आणि 2013 साली एक एकरापासूनच्या अशा भूखंडांना विरळ वस्तीचे निवासी भूखंड म्हणून रीतसर जागा मिळाली. झाले ते उघड्यावर झाले हे बरेच म्हणायचे. पण तिथे राहणे म्हणजे गावाकडे राहणे नव्हे, आणि लग्नसराईत तर त्या भागात रात्रभर बँड वाजतो. हरियाणाच्या बाजूला प्रश्न जास्त गंभीर आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याप्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. हरियाणात तशी अट नाही. म्हणून सोहना, मानेसर, फरिदाबादच्या अरवलीलगत शहरी पैसा सरळ डोंगरात शिरला.

इथे महसुली दप्तरातली भाषा माहीत असणे फार कामाला येते. 7 मे 1992 च्या केंद्राच्या अधिसूचनेने तेव्हाच्या गुडगाव आणि अलवर जिल्ह्यांत ‘गैरमुमकिन पहाड’, ‘गैरमुमकिन राडा’, ‘गैरमुमकिन बेहड’, ‘बंजड बीड’ आणि ‘रुंध’ अशी नोंद असलेल्या जमिनींवर परवानगीशिवाय बांधकामाला मज्जाव केला. त्याच्याही आधीचा 1900 चा पंजाब भूसंरक्षण कायदा आहे. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये फरिदाबादची कांत एन्क्लेव्ह ही वसाहत पाडायला सांगितली. पुढे 21 जुलै 2022 च्या निकालात, त्या कायद्याच्या कलम 4 खाली विशेष आदेश निघालेली जमीन ही जंगलच होय, असे ठरवले. याच टापूतल्या खोरी गावात 2021 साली हजारो गरिबांची घरे जमीनदोस्त झाली. आपण डोंगराच्या कुशीतले म्हणून जे फार्महाउस पसंत करतो, त्याची जमीन दप्तरात ‘गैरमुमकिन पहाड’, म्हणजे लागवडीला अयोग्य डोंगर, असेल, तर आपले भाडे त्या डोंगराच्या मोडतोडीला जाते. हरियाणाची जमाबंदी संगणकावर पाहता येते आणि कोणत्या हंगामात काय पीक उभे होते याची नोंद, म्हणजे गिरदावरी, हे आपल्या सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीचेच भावंड आहे. एका रात्रीसाठी कुणी जमिनीचा खसरा क्रमांक विचारत बसणार नाही हे मान्य. पण फोनवर दोन प्रश्न विचारता येतात: यंदा रब्बीला काय पेरलेय, आणि ते कोण कापणार? खरा शेतकरी या प्रश्नावर थांबत नाही. तो पाण्याची पाळी, खताची टंचाई, नीलगायींचा त्रास सगळे सांगत सुटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. माणूस सुट्टीला विश्रांतीसाठी जातो, त्याला तलाव आणि हिरवळ हवी, गिरदावरी कशाला? विश्रांतीचा हक्क मला मान्यच आहे. पण गुरुग्राम जिल्ह्यातला भूजल उपसा भरण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि ती हिरवळ व तो तलाव त्याच बोअरवर चालतात, ज्याच्या शेजारी बाजरी घेणाऱ्याची विहीर कोरडी आहे. शिवाय शांतता हवी असेल, तर ती ज्या घरात पहाटे चारला धार काढायला उठायचे असते तिथेच मिळते, कारण तिथे रात्री नऊला दिवे मालवतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या शेतकरी घरांत पैसे घेऊन परक्याला ठेवायची रीत नाही, पडद्याची चाल अनेक घरांत आहे, आणि पाहुण्याकडून पैसे घेणे हलके समजतात. हे खरे आहे. म्हणूनच खाट घराच्या आत घालण्याचा आग्रह धरू नये. शेतावरच्या ट्यूबवेलच्या कोठ्याशेजारी किंवा जुन्या बैठकीत दोन खोल्या वेगळ्या काढल्या तर दोन्ही बाजूंचा संकोच मोडतो. आपल्याकडेही 2004-05 च्या सुमारास बारामतीजवळ कृषी पर्यटन सुरू झाले तेव्हा हाच संकोच होता. 2020 साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. इटली श्रीमंत आहे, युरोपचे अनुदान आहे, तिथले शेत मोठे आहे, असेही म्हणतात. पण ज्याची जमीन तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेली, त्यालाच दुसऱ्या उत्पन्नाची गरज अधिक, आणि दहा पाहुण्यांची मर्यादा त्याच्याच मापाची आहे.

मग राजस्थानातल्या नीमराण्याच्या किल्ल्याचे काय, असे विचारणारेही असतात. 1464 चा तो पडका किल्ला 1986 साली विकत घेऊन दुरुस्त केला गेला आणि 1991 पासून तिथे पाहुणे राहतात. जी वास्तू आहे तीच वापरायची, नवी उभी करायची नाही, हे इटलीच्या कायद्यातले अर्धे तत्त्व तिथे पाळलेले दिसते. म्हणून अरवलीत नव्याने उगवलेल्या रिसॉर्टपेक्षा मी तो केव्हाही बरा समजतो. मात्र तटावरून दिसणाऱ्या शेतांचा ताटाशी संबंध नसतो, हे धरून जावे. हरियाणा पर्यटनाची महामार्गावरची, पक्ष्यांची नावे दिलेली विश्रामस्थाने (होडलचे ‘डबचिक’ त्यांतले) ही रस्त्याची सोय आहे, शेतावरचा मुक्काम नव्हे.

मराठी माणसाने पहिला मुक्काम करावा तो पूर्वेला, उसाच्या पट्ट्यात. मेरठ, बागपत, शामली, मुझफ्फरनगर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिथे कोल्हू चालतात, म्हणजे आपली गुऱ्हाळेच. चरक्यातून निघालेला रस ओळीने मांडलेल्या कढयांत जातो, खाली वाळवलेली चिपाडे, तिकडच्या बोलीत खोई, जाळतात. कोल्हापूरकडे मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालतात, तिथे सुकलाईच्या सालीचा घालतात. काळा फेस वर येतो, तो लांब दांड्याच्या झाऱ्याने काढत राहायचा आणि शेवटच्या कढईत रस सोनेरी झाला की लाकडी चौकात ओतून फावड्याने घोटायचा. रात्रपाळीचे मजूर बहुधा त्याच जिल्ह्यांतले भूमिहीन असतात आणि भट्टीच्या तोंडाशीच झोपतात; गुळाचा भाव, कारखान्याची थकलेली बिले आणि मजुरी हे सारे शेताच्या मालकाकडून आणि त्यांच्याकडून वेगवेगळे ऐकायला मिळते. कोल्हू आणि ऊस ज्याच्या मालकीचा आहे अशा शेतकऱ्याच्या बैठकीत राहायला मिळाले, तर आणखी काही शोधू नये. पश्चिमेला झज्जर आणि सुलतानपूरचा पट्टा डिसेंबर-जानेवारीत चांगला. मोहरी फुललेली असते आणि भिंडावास व सुलतानपूरच्या पाणथळींत परदेशी बदके उतरलेली असतात. दक्षिणेला फेब्रुवारी 2023 मध्ये सोहना-दौसा द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून अलवरची गावे जवळ आली आहेत, आणि म्हणूनच तिथे जमिनीची चौकशी जास्त काटेकोरपणे करावी.

हंगामाचे भान ठेवावेच लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भाताच्या परालीचा धूर असतो, तेव्हा लहान मुले आणि दम्याचे रुग्ण घेऊन निघू नये. डिसेंबरअखेरपासून महिनाभर पहाटे आणि रात्री धुके इतके दाटते की द्रुतगती मार्गांवर एकामागोमाग गाड्या आदळतात. शेताकडे जाणारा शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता तर कच्चा आणि बिनदिव्याचा असतो, म्हणून चारच्या आत पोहोचावे. बैसाखीच्या सुमारास गव्हाची कापणी लागते. त्या आठवड्यात शेतकऱ्याने ‘आत्ता नको, पंधरा दिवसांनी या’ म्हटले, तर त्याच्याकडेच पंधरा दिवसांनी जावे.