भूल देताना भूल नको

मराठीत ‘भूल’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. रानात चकव्याची भूल पडते, हिशेबात भूल होते आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर देतात तीही भूलच. दुकानदाराच्या बिलाखाली ‘भूलचूक देणेघेणे’ छापलेले असते. आमच्या व्यवसायात मात्र तशी सोय नाही. भूलतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जातो-येतो. तेथे एक गोष्ट नेहमी जाणवते. पूर्ण भुलीला लोक घाबरतात, पण जागेवरच्या भुलीला कोणीच घाबरत नाही. ‘एक सुई मारायची, जागा बधिर करायची, झाले!’ या सहजपणाबद्दलच आज थोडे लिहायचे आहे.

ठाणे जिल्हा म्हटले की उंच इमारती आणि लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ग्रामीण ठाणे म्हणजे मुख्यत: हे दोन तालुके उरले. कापणीच्या दिवसांत विळ्याने कापलेली बोटे, पायात मोडलेला काटा, पिकलेले गळू, किडलेली दाढ, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, हे येथले रोजचे काम. यातले बहुतेक जागेवरच्या भुलीवर निभावते. रोग्याला तास-दीड तासात घरी जाता येते, मजुरीचा एखादाच दिवस बुडतो. ही औषधे नसती तर डोळखांब किंवा टोकावड्याच्या माणसाला चार टाक्यांसाठीही कल्याण-ठाणे गाठावे लागले असते. म्हणून ती जपून वापरली पाहिजेत.

ही औषधे करतात काय? वेदनेचा निरोप मज्जातंतूतून मेंदूकडे जातो तो सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून. औषध त्या दारांना कडी घालते. बारीक तंतू आधी बंद होतात, जाड नंतर. म्हणून टाके घालताना रोगी म्हणतो, ‘डाक्टर, ओढल्यासारखं वाटतंय, पण दुखत नाय.’ ते बरोबरच असते. वेदना गेलेली असते, दाब कळत असतो. जेथे पू झाला आहे तेथे मात्र मांस आंबट, म्हणजे आम्लधर्मी झालेले असते आणि औषध तंतूत नीट शिरत नाही. ‘मला इंजेक्शन लागूच पडत नाही’ अशी तक्रार करणारा रोगी बहुधा गाल सुजेपर्यंत थांबलेला असतो. दोष शरीराचा नसतो, उशिराचा असतो.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे कोकेन. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने त्याचे थेंब डोळ्यात टाकून डोळा बधिर होतो हे दाखवले आणि शस्त्रक्रियेचे जग बदलले. पण कोकेनचे व्यसन लागते. हॉलस्टेडसारखा थोर अमेरिकन सर्जन स्वत:वर प्रयोग करता करता त्यात अडकला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या आइनहॉर्नने प्रोकेन तयार केले. त्याचे व्यसन नव्हते, पण अॅलर्जीचा त्रास होता. मग १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेनने लिग्नोकेन शोधले. त्याचा तरुण सहकारी लुंडक्विस्ट याने ते स्वत:च्या अंगावर टोचून पाहिले. १९४८पासून ते ‘झायलोकेन’ नावाने बाजारात आहे आणि आजही गावोगावच्या दवाखान्यात तीच बाटली दिसते.

लिग्नोकेन हा घाईचा गडी. दोन-चार मिनिटांत काम सुरू, तास-दोन तासांत संपले. त्यात अॅड्रिनलीन मिसळले की रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ राहते आणि रक्तस्रावही कमी होतो. १९५७ साली आलेले ब्युपिव्हाकेन सावकाश चढते, पण चार-सहा तास, कधी त्याहून अधिक टिकते. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या मणक्यात देतात ते बहुधा हेच, आणि तेथे दोन-अडीच सी.सी.त भागते. पण हेच औषध मोठ्या मात्रेत चुकून शिरेत गेले तर हृदयाला असे धरून बसते की सोडता सोडत नाही. १९७९ साली अमेरिकेतील एका भूलतज्ज्ञाने या धोक्याकडे जाहीरपणे लक्ष वेधले. १९८४ साली तेथे बाळंतपणासाठी त्याचे सर्वांत तीव्र द्रावण बंद झाले. त्या धास्तीतूनच हृदयाला थोडे सौम्य असे रोपिव्हाकेन आणि लिव्होब्युपिव्हाकेन आले. सौम्य म्हणजे निर्धोक मात्र नव्हे.

मग सुरक्षित कोणते? माझे उत्तर असे की, सुरक्षितता बाटलीत नसते, हिशेबात असते. साध्या लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे सुमारे ३ मिलिग्रॅम धरतात. काही पुस्तके साडेचारपर्यंत जातात. अॅड्रिनलीनसह ती ७, तर ब्युपिव्हाकेनची फक्त २. आता बाटलीवर २ टक्के लिहिले असेल तर एका सी.सी.त २० मिलिग्रॅम औषध असते. आमच्या पाड्यांवरची चाळीस किलोची बाई घ्या. ३च्या हिशेबाने तिला १२० मिलिग्रॅम, म्हणजे सहा सी.सी. पुरे. तेच औषध १ टक्क्याचे केले की बारा सी.सी. मिळतात आणि मोठी जखमही बधिर होते. दहा किलोच्या पोराला २ टक्क्यांचे दीड सी.सी. एवढीच मर्यादा! आणि तीस सी.सी.च्या एका बाटलीत असते सहाशे मिलिग्रॅम. बाटली छोटी दिसते, पण तिच्यात पाच बायकांचा वाटा असतो. लिग्नोकेनचा निचरा यकृत करते. म्हणून कावीळ झालेल्याला किंवा रोज दारू पिणाऱ्याला यातही हात आखडता घ्यावा लागतो.

दुसरी काळजी सुईची. औषध सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येते का पाहायचे, थोडे थोडे द्यायचे आणि रोग्याशी बोलत राहायचे. ‘यंदा भात कसं झालं? म्हशाच्या जत्रेला गेला होतात का?’ नातेवाइकांना वाटते, डॉक्टर गप्पिष्ट आहे. पण त्या गप्पा म्हणजे आमचे यंत्रच. औषध रक्तात जास्त गेले तर आधी ओठ-जिभेला मुंग्या येतात, तोंडाला धातूची चव येते, कानात आवाज घुमतो, माणूस बरळतो. नंतर झटके आणि शेवटी हृदय. नेहमी सगळे याच क्रमाने होईल असे नाही, पण पहिली खूण बहुधा रोगीच सांगतो.

असे झालेच तर औषध थांबवणे, प्राणवायू देणे, झटके आवरणे हे आधी. १९९८ साली वाइनबर्ग या अमेरिकन डॉक्टरने उंदरांवर दाखवून दिले की सोयाबीन तेलाचे दुधासारखे पांढरे सलाइन शिरेतून दिले तर ब्युपिव्हाकेनने थांबू पाहणारे हृदय पुन्हा चालू शकते. २००६ साली याने माणूस वाचल्याची पहिली नोंद छापून आली. जेथे ब्युपिव्हाकेन मोठ्या मात्रेत वापरले जाते तेथे ही बाटली कपाटात हवीच. मुरबाडहून कल्याण तीस किलोमीटरच्या घरात आहे. थांबलेले हृदय तेवढा प्रवास करीत नाही.

दोन गोष्टी घरच्यांसाठी. आपल्याकडे विंचू फार. दंशाच्या जागी लिग्नोकेन दिले की ठणका थांबतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिनचा उपयोग दाखवून अनेकांचे प्राण वाचवले तो याच विषावर. दुखणे थांबले म्हणजे विष उतरले, असे समजू नये. रोग्याला दवाखान्यात नजरेखाली ठेवावे. दुसरी गोष्ट तान्ह्या बाळाची. दात येताना हिरड्यांना बधिर करणारे जेल आपल्या मनाने लावू नये. त्यातल्या काही औषधांनी लहान बाळाचे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, काहींनी झटके येऊ शकतात.

आणि दवाखान्यात गेल्यावर? पूर्वी सुईने त्रास झाला असेल तर नेमका काय झाला ते सांगा. भीतीने घेरी येणे वेगळे, अंगावर गांधी उठून श्वास कोंडणे वेगळे. लिग्नोकेनची खरी अॅलर्जी अगदी विरळा. हृदयाची, फिटची, यकृताची औषधे चालू असतील तर पुड्या बरोबर न्या. सुई चालू असताना ओठाला मुंग्या आल्या तर ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून गप्प बसू नका. आणि कोणी आपणहून विचारले नाही तरी वजन सांगा. माहीत नसेल तर काट्यावर उभे राहा. भूल देणाऱ्याच्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तू तीच आहे आणि पुष्कळदा सर्वांत महत्त्वाचीही.