कच्च्या रंगाची कला

गिरणीच्या रंगखात्यात ज्याने हात बुडविले आहेत, त्यास कच्चा रंग आणि पक्का रंग यांतला भेद शिकवावा लागत नाही. धुतल्यावर सुटतो तो कच्चा, सुटत नाही तो पक्का. रंगाच्या रसायनशास्त्राची मोठी खटपट रंग पक्का व्हावा यासाठीच चालत आली. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणास डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग गवसला, तेव्हा त्याचे वय १८ वर्षांचे होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, सुताच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रंग बाजारात आले. रंग पक्का करण्याची ही परमावधीच म्हटली पाहिजे.

आम्ही ज्या वस्तूविषयी सांगणार आहोत तिची वाट नेमकी उलटी आहे. मुलांच्या दप्तरातली, पाण्याने धुतली जाणारी स्वस्त स्केचपेने! येथे रसायनशास्त्रज्ञाने रंग कच्चा राहावा म्हणून बुद्धी वेचली आहे. तंतूच्या टोकाचे पेन १९६२ साली जपानच्या युकिओ होरिए यांनी तयार केले. पुढे अमेरिकेत १९८७ साली क्रेयोला या नावाने मुलांसाठी धुता येणारी पेने निघाली, आणि तसली खोकी आता आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

पेनाची रचना साधी आहे. आत शाईने भिजलेली तंतूंची कांडी असते. पुढे दाबून घट्ट केलेल्या तंतूंचे टोक असते. दिव्याची वात ज्या न्यायाने तेल वर ओढते, त्याच न्यायाने तंतूंमधल्या बारीक फटी शाई ओढतात. शाई म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात विरघळलेला रंग, आणि टोक लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखे एखादे द्रव्य. रंग असा निवडलेला असतो की तो सुताला वा कातडीला घट्ट चिकटत नाही. पाणी मिळाले की पुन्हा पाण्याचाच होतो. त्याचा हा गुण ध्यानात ठेवला, तर चित्र काढण्याच्या बहुतेक युक्त्या आपोआप सुचतात.

आम्ही चित्रशाळेत शिकलेलो नाही. जे हाती लागले ते वाचून, विचारून आणि बोटे रंगवून. त्यातले उपयोगाचे तेवढे सांगतो. कागद जाड घ्यावा. वहीचा पातळ कागद ओला होऊन घासला गेला की त्याचे तंतू सुटतात आणि लगदा होतो. बाह्यरेषा बॉलपेनाने काढावी. त्या पेनाची शाई तेलकट असल्याने सहसा पाण्याने पसरत नाही. मग स्केचपेनाचा रंग थेट कागदावर न भरता, गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर घासावा, ओल्या कुंचल्याने उचलावा आणि कागदावर लावावा. बारा पेनांच्या खोक्यातून अशा रीतीने कितीतरी छटा निघतात.

शाई पारदर्शक असते, म्हणून फिका रंग आधी आणि गडद नंतर, हा क्रम मोडू नये. पांढरे पेन खोक्यात शोधू नये. पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. पहिला थर पूर्ण वाळल्यावाचून दुसरा लावू नये, आणि वाळल्यावरही कुंचला एकदाच फिरवून थांबावे, कारण खालचा थर पाण्याने पुन्हा विरघळतो आणि सगळ्याचा चिखल होतो. पिवळ्या पेनाचे टोक काळवंडले तर रद्दी कागदावर ओढीत राहावे, घाण उतरते.

एक प्रयोग मात्र प्रत्येकाने घरी करावा. टीपकागदाच्या पट्टीवर खालून दोन बोटे अंतर सोडून काळ्या पेनाचा ठिपका द्यावा आणि ठिपका बुडणार नाही अशा बेताने टोक पाण्यात धरावे. पाणी वर चढते, आणि काळ्यातून बहुधा निळा, तांबडा, पिवळा असे रंग वेगळे होऊन निघतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतले रंग याच तत्त्वावर वेगळे केले. चित्रकारास याचा फायदा असा की आपल्या काळ्या पेनात काय दडले आहे ते कळते, आणि सावली निळसर हवी की तांबूस, हे आधी ठरविता येते.

आता या रंगाचा दोष. तो पाण्याला जसा कच्चा, तसा उन्हालाही. प्रकाशाने रंगाचे रेणू मोडतात आणि चित्र विटते. व्हॅन गॉगने १८८८च्या सुमारास पर्किनच्या रंगाच्या गोतातल्या जांभळ्या शाईने काढलेले चित्र आज तपकिरी दिसते. मग पोराच्या पेनाची काय कथा? मोर्च्याचे फलक तर या पेनांनी कदापि रंगवू नयेत. पहिल्याच सरीत मागण्या वाहून जातील.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध साचेवाले आहेत. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर त्यांना पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही. गिरणीच्या जागी आता काचेचा मनोरा आहे. त्यांनी नातीच्या खोक्यातली पेने घेऊन आपले साचेखाते आठवणीने काढले: रांगा कशा होत्या, जॉबर कोठे उभा राही, पाण्याचा माठ कोठे असे. त्या खात्याचा दुसरा नकाशा आमच्या पाहण्यात नाही. ते चित्र त्यांनी कौतुकाने खिडकीसमोर लावले होते. आम्ही ते तेथून काढविले, फोनवर त्याचे चांगले छायाचित्र घेतले आणि मूळ कागद फाइलीत, अंधारात ठेवला. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी एवढे तरी आजच करावे.

कोणी म्हणेल, मग पक्के रंगच का वापरू नयेत? जरूर वापरावेत, पण ते महाग असतात, आणि महाग रंग हाती येईपर्यंत माणसाची आठवण थांबत नाही. खोके स्वस्त आहे म्हणून साचेवाल्याने हात घातला. कारखानदारांनी रंग उन्हात किती टिकतो हे खोक्यावर छापावे, अशी मागणी ग्राहक म्हणून आपण करू शकतो. ती मान्य होईपर्यंत कागद जाड घ्यावा, चित्र उन्हापासून दूर ठेवावे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे मुलांचे खोके एकदा उघडून ठेवावे.