दग्ध अस्थींचे वाचन

मृतदेहास अग्नी दिला म्हणजे मागे केवळ राख उरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अस्थिसंचयनासाठी स्मशानात गेलेल्या मनुष्यास मात्र खरी गोष्ट ठाऊक असते. राख लाकडांची असते. देहाची उरतात ती हाडे. ती फुटलेली, आक्रसलेली व ठिसूळ झालेली असली, तरी हाडेच असतात. प्रौढ मनुष्याच्या पूर्ण दहनानंतर त्यांचे वजन बहुधा एक ते तीन किलोंच्या दरम्यान भरते. या तुकड्यांवरून मृत व्यक्तीविषयी किती सांगता येते, हे शिकविणारी एक अभ्यासशाखा गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत विकसित झाली आहे. पुरातत्त्वज्ञ आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ या दोघांनाही तिचे शिक्षण घ्यावे लागते.

शिक्षणाचा आरंभ रंगापासून होतो. तीनशे ते चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास हाड करपून काळे पडते. उष्णता वाढत गेली की ते निळसर करडे होते आणि सहाशे-सातशे अंशांच्या पुढे खडूसारखे पांढरे बनते. एकाच देहाची काही हाडे पांढरी व काही काळी राहिली असतील, तर चितेत ज्वाला कोठे पोहोचली, वारा कोठे अडला आणि लाकूड कोठे अपुरे पडले, याचा अंदाज बांधता येतो. यानंतर भेगांची पाळी येते. ताज्या देहातील हाड जळताना वाकते व त्यावर आडव्या, कमानदार भेगा पडतात. जुने, शुष्क हाड जाळले तर बहुधा उभ्या भेगा दिसतात. मृत्यूनंतर लगेच दहन झाले, की पुष्कळ काळाने, हा प्रश्न पोलीस तपासात फार महत्त्वाचा ठरू शकतो. तथापि एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. हाडात मूळचे प्रथिन शिल्लक असेल, तर शुष्क हाडही वाकते, असे प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

पुरातत्त्वीय प्रशिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे अस्थिकुंभ रिकामा करणे. जमिनीत सापडलेले मडके जागेवर उपडे केले जात नाही. त्याला पट्ट्या गुंडाळून ते आतील मातीसह प्रयोगशाळेत नेतात आणि काही सेंटिमीटर जाडीचा एकेक थर काढत त्यातील वस्तूंची नोंद करतात. मग दहा, पाच व दोन मिलिमीटर छिद्रांच्या चाळण्यांतून सर्व माती धुऊन काढतात. काम कंटाळवाणे खरे, परंतु लहान मुलाच्या दाताचा कोंब किंवा वितळलेला काचमणी असाच हाती लागतो. वर आलेल्या दातांचे कवच आगीत तडकून निघून जाते. जबड्याच्या आत दडलेले, अद्याप न उगवलेले दात मात्र टिकतात. कानाजवळचे दगडासारखे घट्ट हाडही बहुधा शाबूत राहते आणि लिंगनिश्चितीस त्याची थोडीफार मदत होते. पुरेशा तापलेल्या हाडात वंशपरंपरेचा रेणू, म्हणजे डीएनए, बहुधा उरत नाही.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील स्पाँग हिल येथे दोन हजारांहून अधिक दहन-दफने उघडकीस आली. तेथील अनेक कुंभांत माणसांच्या हाडांबरोबर घोडे, मेंढ्या यांचीही हाडे निघाली. मृतासोबत चितेवर पशू ठेवण्याची चाल त्यावरून समजली.

स्टोनहेंज येथील हकीकत अधिक बोधप्रद आहे. तेथे 1920 च्या सुमारास खणून काढलेली दग्ध हाडे त्या काळी कोणास विशेष उपयोगाची वाटली नाहीत. 1935 साली ती सर्व एकत्र करून एकाच खड्ड्यात पुन्हा पुरण्यात आली. 2008 साली तो खड्डा उघडल्यावर कोणते हाड कोणाचे हे सांगणे अशक्य होऊन बसले होते. डोक्याच्या मागील भागाचे हाड प्रत्येकास एकच असते, म्हणून त्याचे तुकडे निवडून पंचवीस व्यक्ती वेगळ्या ओळखण्यात आल्या. हाडांतील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून माणूस कोणत्या भूमीचे अन्नपाणी घेत होता हे कळते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी दहा जण त्या परिसरातले नव्हते. काहींचा संबंध पश्चिम वेल्सशी असावा. विशेष असे की, तीव्र उष्णतेने हाडाची घडण इतकी घट्ट होते की पुढे जमिनीतील द्रव्ये त्यात सहसा शिरत नाहीत. ज्या अग्नीने सारा पुरावा नष्ट केला असे आपण समजतो, त्यानेच हा एक पुरावा जपून ठेवला.

न्यायवैद्यक बाजू जिवंत माणसांच्या दुःखाशी निगडित आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 2002 साली एका दहनगृहाच्या आवारात तीनशेहून अधिक मृतदेह दहन न करताच टाकलेले आढळले. काही कुटुंबांना अस्थी म्हणून सिमेंटची भुकटी देण्यात आली होती. आपण पूजिलेल्या पात्रात नेमके काय आहे, हे जाणून घेण्याचा हक्क त्या कुटुंबांना होता. हाडात कॅल्शियम व फॉस्फरस असते आणि सिमेंटमध्ये सिलिका अधिक असते, त्यामुळे रासायनिक परीक्षेने हा भेद स्पष्ट होतो. तिकडे दहनानंतर हाडे यंत्रात दळण्याची रीत असल्याने आकारावरून फारसे ठरविता येत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेत बसविलेला, क्रमांक कोरलेला धातूचा सांधा मोलाचा ठरतो.

आपल्याकडे अस्थी नदीत विसर्जित होत असल्याने अशी सामग्री थोडीच मिळते. तरीही प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे ताम्रपाषाणयुगीन थरात दहनोत्तर अस्थिकुंभ मिळाला आहे. महापाषाणयुगातील लोकांच्या व बौद्ध स्तूपांच्या अवशेषांतही अस्थिपात्रे निघतात. शेतात विहीर खणताना वा घराचा पाया काढताना राख व हाडांचे तुकडे असलेले मडके लागल्यास ते उचलू नये, आतील माती बाहेर काढू नये, हाडे धुऊ नयेत. काम थांबवून जागा मातीने झाकावी आणि तलाठी किंवा पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. हाडे जुनी की अलीकडची, हे तपासणीनंतरच ठरते.