नौका रस्त्याने नेताना : मोजमाप, परवाने आणि जबाबदारी

अमेरिकेत खासगी मालकीच्या नौका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील पुष्कळ नौकांना कधी ना कधी पाण्याऐवजी महामार्गावरून लांबचा प्रवास करावा लागतो. मिशिगन सरोवरावरची नौका थंडी पडण्यापूर्वी फ्लॉरिडाला न्यायची असते, किंवा मेरीलँडच्या किनाऱ्यावर विकत घेतलेली नौका कॅलिफोर्नियात आणायची असते. या दुसऱ्या प्रवासासाठी जलमार्ग घ्यायचा म्हटल्यास पनामा कालव्यामार्गे लांबचा वळसा घ्यावा लागतो, आणि त्यात खलाशांचा पगार, इंधन, हवामानाचा धोका आणि कित्येक आठवड्यांचा वेळ खर्ची पडतो. हेच अंतर ट्रेलरवरून काही दिवसांत कापता येत असल्यामुळे केवळ नौकांचीच वाहतूक करणाऱ्या वाहतूकदारांचा एक स्वतंत्र व्यवसाय तेथे उभा राहिला आहे. असा वाहतूकदार निवडताना बहुतेक मालक आधी भाड्याचा आकडा पाहतात; वास्तविक व्यवहाराचे यशापयश नौकेचे अचूक मोजमाप आणि कागदोपत्री निश्चित झालेली जबाबदारी या दोन गोष्टींवर अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टी नौका ट्रेलरवर चढण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात.

नौका ही इतर अवजड मालासारखी नसते. पाण्यात असताना तिचे वजन संपूर्ण बुडालेल्या भागावर सारखे पेलले जाते, तर ट्रेलरवर तेच वजन मोजक्या आधारबिंदूंवर येते. शिडाच्या नौकेच्या तळाला खाली उतरणारा जड कणा असतो, त्याला कील म्हणतात. योग्य रीतीने चढवलेल्या नौकेत जवळजवळ सगळे वजन या कीलखाली रचलेल्या लाकडी ठोकळ्यांवर असते, आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या गादीदार टेकूंचे काम नौका कलू न देणे एवढेच असते. हे टेकू नौकेच्या आतील आडव्या भिंतींच्या रेषेत यावे लागतात, कारण तेथे कवच भक्कम असते; दोन भिंतींच्या मधल्या पातळ भागावर टेकू दाबला गेला, तर फायबरग्लासचे कवच आत दबते आणि हजारो किलोमीटरच्या हादऱ्यांनी तेथे भेगा पडू शकतात. त्यामुळे नौकावाहतुकीसाठी खास बनवलेला, बैठा, हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्प्रिंगा असलेला आणि टेकू यंत्राने वरखाली करता येणारा ट्रेलर वाहतूकदाराकडे आहे की नाही, हा प्रश्न भाड्याच्या प्रश्नाआधी विचारला पाहिजे. नौकेच्या आडव्या भिंती कोठे आहेत हे दाखवणारा बांधणीचा आराखडा मालकाने ड्रायव्हरच्या हाती दिला, तर ट्रेलरवर नौका बसवण्याचे काम पुष्कळ निर्धोक होते.

दुसरी अडचण रुंदीची. १९८२ च्या संघीय कायद्यानुसार राष्ट्रीय महामार्गांवर परवान्याशिवाय जाऊ शकणाऱ्या वाहनाची कमाल रुंदी ८ फूट ६ इंच ठरलेली आहे. उंचीची मर्यादा राज्याराज्यांत बदलते. पूर्वेकडील बहुतेक राज्यांत ती १३ फूट ६ इंच, तर पश्चिमेकडील अनेक राज्यांत १४ फूट आहे. (भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी साधारणपणे २.६ मीटरच्या आत असावी लागते, म्हणजे दोन्ही देशांतील मर्यादा जवळजवळ सारखीच आहे, आणि मुंबईकडे किंवा गोव्याकडे मोठी नौका रस्त्याने आणणाऱ्यालाही परवान्याचा प्रश्न टळत नाही.) चाळीस फुटी शिडाची नौका साधारण बारा-तेरा फूट रुंद असते, त्यामुळे तिला जादा आकाराच्या मालाचा परवाना लागतो, आणि हा परवाना संघीय सरकार देत नसून प्रत्येक राज्य आपापला देते. मिशिगनहून फ्लॉरिडाला जाणारा ७५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग ओहायो, केंटकी, टेनेसी आणि जॉर्जिया या राज्यांतून जात असल्याने एकाच नौकेसाठी सहा राज्यांचे परवाने मिळवावे लागतात. अनेक राज्यांत असे वाहन फक्त दिवसाउजेडी चालवता येते, सणासुदीच्या सुट्ट्यांत थांबवून ठेवावे लागते, आणि रुंदी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पुढे किंवा मागे इशारा देणारी पायलट गाडी ठेवणे बंधनकारक होते. उत्तरेकडील राज्यांत वसंत ऋतूत गोठलेली जमीन वितळू लागते आणि रस्त्यांचा पाया मऊ पडतो, म्हणून मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा येथे त्या काळात अवजड वाहनांवर वेगळे निर्बंध येतात. नेमका हाच काळ नौका पुन्हा सरोवराकडे आणण्याचा असल्यामुळे मालकांच्या तारखा आणि रस्त्यांचे नियम यांची वारंवार टक्कर होते.

परवान्यावर मार्ग आणि मापे नमूद केलेली असतात, म्हणूनच मोजमापातील चूक महागात पडते. उत्पादकाच्या माहितीपत्रकातील लांबीत नाळेवरचा कठडा किंवा मागच्या बाजूचा पोहण्याचा चौथरा पुष्कळदा धरलेला नसतो, आणि उंची तर बहुधा पाण्याच्या रेषेपासून दिलेली असते. वाहतुकीसाठी लागणारी उंची वेगळी : कीलच्या तळापासून ते नौकेवरच्या, काढता न येणाऱ्या सर्वोच्च बिंदूपर्यंतची. ती मोजताना नौका जमिनीवर उभी असावी, सपाट फळी सर्वोच्च बिंदूवर आडवी धरून ओळंब्याने जमिनीपर्यंत माप घ्यावे, आणि रडारची कमान, वाऱ्याची काच, वरच्या मजल्यावरील सुकाणूची जागा यांपैकी काय काढता येईल हे त्याच वेळी लिहून ठेवावे. सांगितलेल्या मापापेक्षा नौका पाच-सहा इंच उंच निघाली, तर ट्रेलर धक्क्यावर येऊनही परवाना निरुपयोगी ठरतो, वाट पाहण्याचे भाडे चढत जाते, आणि तरीही कोणी तशीच नौका पुढे नेली तर एखाद्या कमी उंचीच्या पुलाखाली तिचा वरचा भाग गमावण्याची पाळी येते.

भाडे सामान्यतः भरलेल्या ट्रेलरच्या मैलामागे आकारले जाते. परवाने, पायलट गाड्या आणि टोल त्यावर वेगळे असतात. तारखेबाबत मालक लवचिक असेल तर रिकामा परतणारा ट्रेलर कमी दरात मिळू शकतो. मात्र क्रेनने नौका पाण्यातून काढणे व पुन्हा उतरवणे हे काम वाहतूकदाराचे नसून दोन्ही ठिकाणच्या नौकास्थानकांचे असते, आणि त्यांची वेळ मालकानेच ठरवून घ्यावी लागते.

जबाबदारीचा प्रश्न सुरू होतो तो समोरची व्यक्ती प्रत्यक्ष वाहतूकदार आहे की दलाल, येथून. वाहतूकदाराचा स्वतःचा ट्रेलर असतो आणि नौका त्याच्या ताब्यात जाते. दलाल केवळ मालक आणि वाहतूकदार यांची गाठ घालून देतो. चांगला दलाल उपयोगी पडतो यात शंका नाही, पण मालकाला कोणाशी करार होतो आहे हे ठाऊक नसणे घातक असते. आंतरराज्य मालवाहतुकीवर देखरेख ठेवणारी फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा २००० साली स्थापन झाली. तिच्याकडील नोंदणी क्रमांकावरून एखादा व्यवसाय वाहतूकदार म्हणून नोंदलेला आहे की दलाल म्हणून, त्याची परवानगी चालू आहे का आणि विमा दाखल आहे का, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. दलालाला ७५,००० डॉलरचा जामीन ठेवावा लागतो. परंतु हा जामीन प्रामुख्याने भाड्याच्या पैशांच्या व्यवहारासाठी असतो, मोडलेली नौका भरून देण्यासाठी नव्हे. मोठी आगाऊ रक्कम मागून प्रत्यक्ष ट्रेलरच्या मालकाचे नाव सांगण्यास टाळाटाळ करणाऱ्याशी व्यवहार न करणेच बरे.

विम्याबाबत मोठा गैरसमज आढळतो. सामान्य माल नेणाऱ्या जड वाहनांच्या वाहतूकदाराला किमान ७,५०,००० डॉलरचा दायित्व विमा सक्तीचा आहे, पण तो रस्त्यावरील इतरांच्या हानीसाठी असतो. वाहून नेल्या जाणाऱ्या मालाच्या विम्याची संघीय सक्ती सामान्य मालाच्या बाबतीत २०११ पासून उरलेली नाही. म्हणून मालविम्याचे प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवावे, त्याची कमाल रक्कम नौकेच्या किमतीशी ताडून पाहावी, आणि मालकाच्या स्वतःच्या नौकाविम्यात रस्त्यावरील वाहतूक वगळलेली आहे का हेही तपासावे.

नौकेची तयारी करणे मालकाकडेच असते. डोलकाठी उतरवून तिच्या आडव्या भुजा आणि तारा सोडवायच्या, डोलकाठी जाड कापडात गुंडाळायची, कापडी छत व आच्छादने काढून टाकायची, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या, बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि झडपा बंद करून चिकटपट्टीने पक्क्या करायच्या. आकसणाऱ्या प्लास्टिकचे वेष्टन सुरक्षित वाटते, पण महामार्गाच्या वेगात ते फाटून फडफडते आणि रंग खरवडते, त्यामुळे अनेक वाहतूकदार त्याला नकार देतात.

स्वच्छतेला तर कायद्याचे बळ आहे. काळा समुद्र व कास्पियन समुद्राच्या परिसरातला झेब्रा शिंपला जहाजांनी समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोहोचला आणि १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात आढळला. त्याचाच भाईबंद असलेला क्वागा शिंपला जानेवारी २००७ मध्ये पश्चिमेकडील मीड सरोवरात सापडला. हे शिंपले धरणांचे आणि वीजकेंद्रांचे पाण्याचे नळ बुजवून टाकतात, आणि त्यांच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, अळ्या नौकेच्या तळात किंवा इंजिनात राहिलेल्या थोड्याशा पाण्यातही तग धरतात. त्यामुळे आयडाहो, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत ट्रेलरवरील नौका तपासणी नाक्यावर थांबवल्या जातात, आणि शिंपले आढळल्यास गरम पाण्याने निर्जंतुकीकरण होईपर्यंत नौका अडकून पडते. ही तपासणी जाचक वाटली तरी सर्वस्वी योग्य आहे, कारण एकदा शिरलेला शिंपला मोठ्या सरोवरातून पुन्हा हटवता येत नाही.

नौका सोपवताना तयार होणारे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची पावती आणि वाहतुकीचा करार यांचा एकत्रित दस्तऐवज, हा या सगळ्याचा कायदेशीर आधार ठरतो. १९०६ च्या कारमॅक दुरुस्तीनुसार, म्हणजे वाहतूकदाराचे मालाबाबतचे दायित्व ठरवणाऱ्या संघीय तरतुदीनुसार, नौका सुस्थितीत सोपवली होती, ती बिघडलेल्या स्थितीत पोहोचली आणि नुकसान अमुक रकमेचे आहे, एवढे मालकाने दाखवले की वाहतूकदाराचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. दलाल मात्र या तरतुदीत येत नाही. वाहतूकदाराला कराराने आपले दायित्व ठरावीक रकमेपुरते मर्यादित करता येते, म्हणून तेवढे कलम सही करण्याआधी वाचलेच पाहिजे, आणि उघडी राहिलेली झडप उडून गेली तर तो दोष मालकाचाच धरला जातो. नौका सुस्थितीत सोपवल्याचे दाखवता यावे म्हणून निघताना ड्रायव्हरबरोबर नौकेभोवती फिरून प्रत्येक जुना ओरखडा पावतीवर नोंदवावा व छायाचित्रे घ्यावीत. पोहोचल्यावर उरलेले भाडे बहुधा नौका उतरवण्यापूर्वीच मागितले जाते. तेव्हा ट्रेलरवर असतानाच पहिली पाहणी करावी आणि क्रेनच्या पट्ट्यांवर नौका उचलली गेली की टेकूंनी झाकलेल्या जागा व कीलचा सांधा पाहून मगच ती पाण्यात सोडण्यास सांगावे. आढळलेले नुकसान पोहोच-पावतीवर ड्रायव्हरसमोर लिहावे. लेखी दाव्यासाठी वाहतूकदाराला ९ महिन्यांपेक्षा कमी, आणि दावा नाकारल्यानंतर न्यायालयात जाण्यासाठी २ वर्षांपेक्षा कमी मुदत करारात घालता येत नाही.