पुराच्या पाण्यातील मासा

जबलपूरजवळचा धुवाँधार पाहावयाला भर पावसाळ्यात जाणाऱ्यास बहुधा निराश होऊन परतावे लागते. पुराने खालची दरी भरून आली म्हणजे प्रपाताची उंचीच नाहीशी होते, आणि जेथे एरवी तुषारांचा धूर उठावयाचा तेथे नुसते तांबडे पाणी खळाळत असते. भेडाघाटच्या नावाही त्या दिवसांत काठाला बांधून ठेवलेल्या असतात. परंतु ज्याला मासे धरावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने हीच खरी सुगी. उधाणाच्या लाटांत किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला जे ठाऊक असते, तेच नर्मदातीरीच्या केवट-ढीमरांनाही ठाऊक आहे : पाणी गढुळले की मासा काठाशी येतो.

याचे कारण गूढ नाही. निवळशंख पाण्यात काठावरच्या माणसाची सावलीदेखील माशाला बुजविते व तो खोल डोहात राहतो. गढूळ पाण्यात ही भीती उरत नाही. शिवाय मधल्या ओढीशी झुंजण्यात त्याची शक्ती व्यर्थ खर्ची पडते; उलट खडकाच्या आडोशाला, किंवा एखादा नाला नदीस मिळतो त्या कोपऱ्यात, पाणी संथ असते आणि रानातून वाहून आलेली गांडुळे, किडे व फळे तेथेच साचतात. अशा वेळी डोळे निरुपयोगी ठरल्यामुळे मासा वासाने व स्पर्शाने भक्ष्य हुडकतो. म्हणूनच पावसाळी गळाला उग्र वासाचे आमिष लावावयाचे.

तथापि मासा काठाशी येतो तो केवळ पोटासाठी नव्हे. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराने बुडालेल्या उथळ जागी अंडी घालतात. एकेका मादीच्या पोटी लाखो अंडी असतात. तेव्हा या दिवसांत धरलेला एक मासा म्हणजे एकच मासा नव्हे. कोकणातले कोळी पूर्वापार नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या हाकारीत नसत. त्याच शहाणपणाला मध्य प्रदेशात कायद्याचे रूप मिळाले असून, १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांतील मासेमारीस तेथे बंदी असते. ज्याचे घर रोजच्या मासळीवर चालते, त्याला मासा हाताशी असताना हे दोन महिने जाळे गुंडाळून बसावे लागते. ही बंदी योग्यच आहे. पण तिचा भार कोणावर पडतो हेही विसरता येत नाही.

नर्मदेचा मानाचा मासा महसीर. त्याची गोष्ट निराळी. त्याची अंडी रोहूच्या मानाने फारच थोडी, आणि त्यांना वाहते, स्वच्छ पाणी व गोट्यांचा तळ हवा. गाळ बसला की ती गुदमरतात. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई टोचून कार्पजातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून रोहू-कटल्यांची पैदास पुरावर अवलंबून राहिली नाही. महसीरही लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात वाढविला जातो. परंतु नदीतल्या महसीराला नदीच हवी. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला, तो तो दुर्मिळ होत चालल्यानंतर.

जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण १९९० मध्ये पुरे झाले आणि नदीची चालच बदलली. पहिल्या पावसाचा लोंढा आता जलाशयात अडतो. खाली पाणी चढते ते धरणाच्या एकवीस दरवाजांपैकी काही उघडले म्हणजे. पूर्वी पाण्याचा रंग, फेस व काडीकचरा पाहून जाणता माणूस पुराचा अंदाज बांधी. आज आभाळ निरभ्र असतानाही पायाखालचा खडक पाण्याखाली जाऊ शकतो. त्यामुळे पंधरा ऑगस्टनंतर काठावर गळ घेऊन उतरणारा माणूस आभाळाकडे पाहण्याआधी धरणाचे दरवाजे उघडणार आहेत काय, याची चौकशी करतो.