फासे आणि इतिहास – लेखांक ५ : मध्ययुगीन मोहिमेसाठी सिस्टिमची निवड

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये सिस्टिम म्हणजे नियमावली. फासे कधी टाकायचे, त्यांचा अर्थ कसा लावायचा आणि पात्राच्या कागदावर कोणत्या गोष्टी आकड्यांत मांडायच्या, हे ती ठरवते. ज्या गोष्टीला आकडा मिळतो तिच्याकडे खेळाडूंचे लक्ष आपोआप वळते. ज्या गोष्टीला नियमच नसतो ती दोन-चार बैठकांत मागे पडते. म्हणून खऱ्या इतिहासावर बेतलेल्या मोहिमेसाठी, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेसाठी, सिस्टिम निवडताना त्या काळातली कोणती गोष्ट खेळाच्या केंद्रस्थानी हवी, हे आधी ठरवावे लागते. सर्वांत वास्तववादी सिस्टिम कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

यासाठी एक खरा कालखंड समोर ठेवलेला बरा. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ११३५ मध्ये वारला. त्याचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्येच जहाज बुडून गेला होता, त्यामुळे मुलगी मटिल्डा हिला वारस मानण्याची शपथ हेन्रीने सरदारांकडून घेऊन ठेवली होती. प्रत्यक्षात मुकुट चढला तो हेन्रीचा भाचा स्टीफन याच्या डोक्यावर, आणि शपथ घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते मान्य केले. ११३९ मध्ये मटिल्डा इंग्लंडमध्ये उतरली, आणि ११५३ च्या तहापर्यंत देश यादवीत होरपळला. इतिहासकार या काळाला ‘अनार्की’ म्हणतात. मोडलेल्या शपथा, किल्ल्यांचे वेढे, हातची जाणारी जमीन आणि चर्चचा धाक ही या काळाची मुख्य सामग्री. कोणतीही सिस्टिम तपासायची ती या सामग्रीवर.

सर्वाधिक खेळली जाणारी सिस्टिम म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची मुळे ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमांत आहेत, तरीही ऐतिहासिक मोहिमेसाठी तो अवघड जातो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील पात्रांच्या मूळ १२ वर्गांपैकी ८ वर्ग मंत्र वापरतात. मंत्र वगळले तर खेळाडूंपुढे मोजकेच पर्याय उरतात. ठेवले तर क्षणात जखमा भरतात, अन्न हवेतून निर्माण होते आणि वेढ्यातल्या उपासमारीला अर्थच राहत नाही. शिवाय लेव्हल वाढली की हिट पॉइंटही (पात्र किती मार सोसू शकते तो आकडा) वाढतात, त्यामुळे अनुभवी योद्धा एरवी जीवघेणे ठरणारे वार सहज पचवतो. शूरांच्या अद्भुत कथेसाठी ही रचना उत्तम आहे. बाराव्या शतकातल्या सरदाराला मात्र एका तिराचीही भीती वाटायला हवी.

ही भीती ज्यांना हवी त्यांच्यासाठी ‘हार्नमास्टर’ आहे. रॉबिन क्रॉस्बी यांनी १९८६ मध्ये आणलेल्या या सिस्टिममध्ये हिट पॉइंटची एकत्रित बेरीजच नसते. भाल्याचा वार मांडीवर बसला तर ती जखम जागेसह आणि तीव्रतेसह स्वतंत्र नोंदवली जाते. तिच्यामुळे पुढच्या प्रत्येक कृतीत अडथळा येतो, शुद्ध हरपू शकते आणि लढाई संपल्यावर संसर्गाची टांगती तलवार राहतेच. मूळ पार्श्वभूमी हार्न हे काल्पनिक बेट असले तरी तिथली जमीनदारी आणि समाजरचना मध्ययुगीन इंग्लंडच्या अगदी जवळ जाणारी आहे. ‘मिथ्रास’ ही सिस्टिमही अवयवनिहाय जखमा मोजते. तिच्यात फासा प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस पडला तर खेळाडू शस्त्र हिसकावणे किंवा शत्रूला आडवे पाडणे असे परिणाम निवडू शकतो. अशा सिस्टिममध्ये खेळाडू तलवार उपसण्याआधी वाटाघाटी करून पाहतात, आणि वेढे व खंडणी यांनी भरलेल्या काळाला हे साजेसे आहे.

निष्ठेचा प्रश्न केंद्रस्थानी असेल तर ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेन्ड्रॅगन’ला तोड नाही. आर्थर राजाच्या कथांवर आधारलेला हा खेळ १९८५ मध्ये आला. यात स्वभावाच्या १३ जोड्या आहेत : दयाळू–क्रूर, शूर–भित्रा, प्रामाणिक–कपटी अशा. प्रत्येक जोडीची बेरीज २० असते, म्हणजे दया १४ असेल तर क्रौर्य ६. यांखेरीज स्वामिनिष्ठा, कुटुंबप्रेम, द्वेष या तीव्र भावनांनाही आकडे असतात.

हे नियम प्रत्यक्षात काय घडवतात, ते लिंकनच्या लढाईत पाहता येते. २ फेब्रुवारी ११४१ रोजी लिंकनजवळ स्टीफनची फळी फुटली. त्याचे अनेक अर्ल मैदान सोडून पळाले. राजा पायी लढत राहिला आणि पकडला गेला. समजा, खेळाडूचे पात्र राजाच्या बाजूला उभे आहे. त्याची स्वामिनिष्ठा १५, कुटुंबप्रेम १६. थांबायचे ठरवले तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. १५ किंवा त्याहून कमी आले तर निष्ठा उसळते आणि त्या झुंजीत कौशल्याला मोठे बळ मिळते. जास्त आले तर पात्र खचते. पळायचे ठरवले तर घर वाचते, पण स्वामिनिष्ठेचा आकडा उतरू शकतो आणि पुढच्या दरबारात ते सर्वांना जाणवते. स्टीफनच्या बाजूचा सरदार वॅलेरन ऑफ म्यूलाँ याने याच वर्षी पक्ष बदलला, कारण त्याची नॉर्मंडीतील जमीन मटिल्डाच्या नवऱ्याच्या हाती जाऊ लागली होती. ही ओढाताण ‘पेन्ड्रॅगन’मध्ये थेट दोन आकड्यांची झुंज होते. मर्यादा एवढीच की हा खेळ सरदारांचा आहे. शेतकरी, व्यापारी किंवा जोगिणी यांच्या मोहिमेला तो अपुरा पडतो.

काळाची लांबी हाही मोठा निकष आहे. ‘पेन्ड्रॅगन’मध्ये साधारण एका वर्षाला एक साहस आणि त्यानंतर हिवाळ्याचा टप्पा असतो. त्यात जमिनीचे उत्पन्न, लग्न, मुले आणि वार्धक्य यांचे हिशेब होतात. पात्र मेले की वारस पुढे येतो. ११३९ ते ११५३ हा काळ अशा खेळात पंधरा साहसांत बसतो. उलट ‘गर्प्स’ची लढाई एकेका सेकंदाने पुढे सरकते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या या १९८६ च्या सिस्टिममध्ये तीन फाशांची बेरीज कौशल्याइतकी किंवा कमी यावी लागते. कौशल्य १० असेल तर यशाची शक्यता ५० टक्के, १४ असेल तर ९० टक्क्यांच्या वर. ‘गर्प्स’ला स्वतःची दुनिया नाही. दर्जा, कर्तव्य, शत्रू यांचे गुण मोजून कोळी, भिक्षू, सावकार असे कोणतेही पात्र घडवता येते. एका वेढलेल्या किल्ल्यातील काही आठवड्यांची मोहीम तिच्यात चांगली रंगते, मात्र गेम मास्टरची (खेळ चालवणाऱ्याची) पूर्वतयारी भरपूर लागते.

श्रद्धेचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे. मध्ययुगातील माणसासाठी संतांचे अवशेष आणि सैतान खरेच होते. ‘आर्स मॅजिका’ (१९८७) हीच धारणा सत्य मानून १२२० च्या युरोपात घडते; ऋतू हे तिचे कालमापन. प्रत्येक खेळाडूकडे जादूगाराबरोबर इतर पात्रेही असतात, त्यामुळे सामान्य माणसांनाही जागा मिळते. जादू काढली तर मात्र तिचा गाभाच जातो. जादू नको पण श्रद्धा हवी असेल, तर धर्मनिष्ठेला स्वभावाच्या आकड्यात बांधणारा ‘पेन्ड्रॅगन’ किंवा भावना टक्क्यांत मोजणारी ‘मिथ्रास’ अधिक योग्य.

शेवटचा निकष खेळणाऱ्या मंडळींचा. नवख्या गटाला ‘हार्नमास्टर’च्या तक्त्यांपेक्षा ‘पेन्ड्रॅगन’चा एक फासा लवकर कळतो. जाडजूड नियम वाचायला कोणी तयार नसेल तर उत्तम सिस्टिमही कपाटात पडून राहते. इतिहासाचा निकाल खेळात बदलू शकतो की नाही, यावरही पहिल्या बैठकीत एकमत हवे. राजांचे भवितव्य इतिहासाप्रमाणे ठेवून पात्रांचे भवितव्य मोकळे सोडणे, ही सर्वांत सोपी वाट. तिच्यात लिंकनला स्टीफन पकडला जाणारच, पण त्याच्या शेजारी कोण उभे राहिले हे टेबलावर ठरते.

थोडक्यात, निवडीचा क्रम असा : आधी मोहिमेचा गाभा, मग तिचा काळ, मग जखमेची किंमत, मग श्रद्धेचे स्थान आणि शेवटी गटाची तयारी. निष्ठा आणि घराणे हवे तर ‘पेन्ड्रॅगन’, देहाची नाजूकता हवी तर ‘हार्नमास्टर’ किंवा ‘मिथ्रास’, सर्व थरांतील माणसे हवी तर ‘गर्प्स’ आणि श्रद्धेतले अद्भुत खरे मानायचे तर ‘आर्स मॅजिका’.